एल्फिन्स्टन: एका आडनावाचं गाव

मुंबईकराला एल्फिन्स्टन म्हटलं की काळा घोड्याजवळचं कॉलेज आठवतं, नाहीतर २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं पश्चिम रेल्वेचं स्टेशन. जुन्या मराठी लिखाणात हाच शब्द 'अल्पिष्टन' होऊन येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबाराशी व्यवहार करणारा तो अल्पिष्टन साहेब. हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट होऊन पुण्यात आला, तेव्हा त्याचं आडनाव कागदावर येऊन पावणेसहाशे वर्षं झाली होती. आणि त्याआधी ते कुणा माणसाचं नव्हतंच, एका शेतवाडीचं होतं.

एडिंबरापासून पूर्वेला साधारण १५ किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन भागात ट्रानेंट नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला तीनेक किलोमीटरवर एल्फिन्स्टन गाव. वर शेती, खाली कोळसा. गावाजवळ पंधराव्या शतकातला एक दगडी बुरूज उभा होता. खाणींमुळे खालची जमीन खचत गेली आणि १९५५ मध्ये तो बहुतेक उतरवावा लागला. आता तळाचा थोडा भाग तेवढा उरला आहे.

दगड कुठेच नाही

नावाचं शेपूट पाहून बहुतेकांना त्यात 'स्टोन' म्हणजे दगड दिसतो. 'एल्फ' म्हणजे लोककथांमधली यक्षांसारखी जात, तेव्हा 'यक्षांचा दगड' अशी छान गोष्ट लगेच तयार होते. जुन्या वंशावळकारांनी तर हे घराणं जर्मनीतल्या हेल्फनश्टाइनहून आल्याचंही सांगितलं होतं. जुने दस्त मात्र शब्द 'एल्फिन्स्टुन' असा लिहितात आणि त्याचे तीन तुकडे पडतात: एल्फिन, स, टुन.

'टुन' हा जुन्या इंग्रजीतला शब्द. आधी कुंपण घातलेली जागा, मग शेतवाडी, मग वस्ती. आजचा 'टाउन' त्याचाच वंशज. मधला 'स' म्हणजे आपली षष्ठी, चा-ची-चे. एल्फिन हे माणसाचं नाव, बहुधा ॲल्फविन या जुन्या इंग्रजी नावाचं झिजलेलं रूप. थोडक्यात, एल्फिनची वाडी. ॲल्फविन या नावाचा अर्थच 'यक्षमित्र' असल्यामुळे यक्ष अगदी खोटा म्हणता येत नाही. दगड नक्की खोटा.

तो आला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण शेकडो स्कॉटिश आडनावांत हेच घडलं आहे. बोलताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो. शेवटच्या 'टुन'वर जोर नसल्यामुळे त्याचा स्वर पुसट होतो, आणि लिहिणारा कारकून कानाला लागेल ते लिहितो: टुन, टून, टन, टोन. शेजारी षष्ठीचा 'स' उभाच असतो. दोघं चिकटले की वाचणाऱ्याला 'स्टोन' दिसतो. जॉन्स्टन म्हणजे जॉनची वाडी, लिव्हिंगस्टन म्हणजे लेव्हिंगची वाडी. त्यांच्यातही दगड नाही. 'अल्पिष्टन' लिहिणाऱ्या आपल्या कारकुनानेही वेगळं काही केलं नाही.

जोर कुठे पडतो ते ऐकलं की स्कॉटिश गावाच्या नावाची भाषा अर्धी ओळखता येते. तिथली गावं निदान पाच भाषांतून नावं घेऊन आली: पिक्टिश, कुंब्रिक, गेलिक (या तिन्ही केल्टिक कुळातल्या), नॉर्स आणि जुनी इंग्रजी. इंग्रजी घडणीत मालक आधी, वस्ती नंतर, आणि जोर पहिल्या तुकड्यावर. केल्टिक घडणीत सहसा जागेचा शब्द आधी, विशेषण नंतर, आणि जोर मागच्या तुकड्यावर. म्हणून इन्व्हरनेसमध्ये 'नेस' आणि ॲबरडीनमध्ये 'डीन' ठासून म्हणतात. 'डन' म्हणजे गढी, डंडास म्हणजे दक्षिणेकडची गढी. 'ॲबर' आणि 'इन्व्हर' दोन्ही नदीचं मुख. पहिला पिक्टिश-कुंब्रिक, दुसरा गेलिक. 'बाल' म्हणजे गेलिक वाडी, 'पिट' म्हणजे पिक्ट लोकांच्या वेळचा जमिनीचा हिस्सा, 'किन' म्हणजे टोक. किनलॉक म्हणजे सरोवराचं टोक. एवढे सहा-सात शब्द पाठ असले तरी आडनावांची यादी वाचताना अर्धी कोडी आपोआप सुटतात.

'कर' कुणाला लागतो

आपल्याकडे साताऱ्यात राहणाऱ्याला शेजारी सातारकर म्हणत नाहीत, कारण सगळेच तिथले. तो पुण्याला गेला की म्हणतात. बहुतेक वेळा 'कर' हा सोडून आलेल्या गावाचा शिक्का असतो.

स्कॉटलंडमध्ये सुरुवात दुसऱ्या टोकाने झाली. राजा पहिला डेव्हिड (११२४ ते ११५३) आणि त्याच्यानंतरच्या राजांनी जमिनी लेखी सनदा देऊन वाटल्या. सनद लॅटिनमध्ये, तिच्या शेवटी साक्षीदारांची रांग. ज्याला जमीन मिळाली तो तिथे राहूनच तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला: अमुक 'दे एल्फिन्स्टुन'. 'दे' म्हणजे 'चा'. पुढे लॅटिनची जागा स्कॉट्स भाषेने घेतली तेव्हा 'दे'चा 'ऑफ' झाला, आणि मग तोही गळाला. गावाचं नाव तेवढं उरलं, प्रत्यय न लागता. आपल्याकडे 'कर' शब्दाला चिकटला म्हणून टिकला. तिकडचा शब्दयोगी सुटा होता म्हणून पडला.

त्यामुळे पहिली दोनेकशे वर्षं 'दे' म्हणजे आडनाव असं धरलं की घोटाळा होतो. ती मालकीची नोंद आहे, आपल्या सातबाऱ्यासारखी. जमीन बदलली की नाव बदलायचं. दोन सख्ख्या भावांना दोन ठिकाणी जमीन मिळाली तर त्यांची नावंही दोन. १२३५ च्या सुमाराच्या दस्तात 'ॲलनुस दे स्विंटन दे एल्फिन्स्टुन' असा माणूस भेटतो. स्विंटन हे बेरिकशरमधलं गाव, एल्फिन्स्टन लोदियनमधलं; एकाच माणसाला दोन गावं लागली आहेत आणि त्यातलं कुठलं टिकणार हे अजून ठरलेलं नाही. जर्मन सरदाराची गोष्टही इथेच पडते, कारण ती त्याला रॉबर्ट ब्रूसच्या काळात आणते, आणि ब्रूस राजा झाला १३०६ मध्ये. नाव त्याच्या कितीतरी आधी कागदावर आहे.

कार्नेगी हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. चौदाव्या शतकात अँगस भागातल्या जॉन दे बॅलिनहार्ड नावाच्या माणसाला कार्नेगीची जमीन मिळाली आणि घराणं बॅलिनहार्डचं कार्नेगी झालं. रक्त तेच, गाव बदललं, आडनाव बदललं.

स्कॉटलंडच्या सखल भागात, म्हणजे लोलँड्समध्ये, चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत ही नावं वंशपरंपरेने पक्की झाली. डोंगराळ हायलँड्समध्ये बापाच्या नावावरून ओळखण्याची पद्धत अठराव्या शतकापर्यंत चालली आणि शेटलंड बेटांवर तर एकोणिसाव्या शतकातही. तेव्हा शेटलंडच्या शेतकऱ्याचं चौदाव्या शतकातलं 'मूळ आडनाव' कुणी सांगत असेल तर तिथेच थांबावं.

जुन्या कागदांत 'एल्फिन्स्टन ऑफ दॅट इल्क' असा प्रयोग येतो आणि नवखे अडखळतात. 'इल्क' म्हणजे 'तोच'. अर्थ: एल्फिन्स्टन, राहणार आणि मालक एल्फिन्स्टनचाच. ज्या घराण्याचं आडनाव आणि जमीन एकच, त्याच्या प्रमुखाला हे लावत.

मालकाशिवाय दुसरेही दोन प्रकारचे लोक गावाचं नाव घेत. एक म्हणजे जमीन कसणारी कुळं, आणि दुसरे गाव सोडून शहरात आलेले सुतार, विणकर, व्यापारी. हे दुसरे अगदी आपल्या 'कर'सारखे. संख्येने हेच जास्त. म्हणून आज कुणाचं आडनाव एखाद्या गढीच्या नावाशी जुळलं तर पूर्वज गढीत राहत होता असं समजू नये. तो गढीला दूध घालणाराही असू शकतो.

गाव गेलं, नाव राहिलं

एल्फिन्स्टन घराण्याने एल्फिन्स्टन गाव पंधराव्या शतकातच गमावलं. हे कळल्याशिवाय पुढचा शोध चुकीच्या परगण्यात जातो.

सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन १४३५ च्या सुमारास पायपरडेनच्या लढाईत इंग्रजांशी लढताना मारला गेला. मागे मुलगी, ॲग्नेस. तिचं लग्न गिल्बर्ट जॉन्स्टनशी झालं. घरातल्या पुरुष वारसांनी हक्क सांगितला, वाद लांबला आणि अखेर वाटणी झाली: लोदियनमधली मूळ जमीन मुलीकडे, म्हणजे जॉन्स्टनांकडे, आणि स्टर्लिंगशरमधली जमीन पुरुष वारसांकडे. आता एल्फिन्स्टन गावात जॉन्स्टन राहू लागले, आणि एल्फिन्स्टन राहायला गेले फोर्थ नदीच्या काठी, एअर्थ गावाजवळ, पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला. १९५५ मध्ये उतरवलेला तो बुरूज १४४० च्या सुमाराचा मानतात. म्हणजे तोही जॉन्स्टनांच्या वेळचा. धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला १५४६ मध्ये पकडून याच बुरुजात आणलं होतं. तेव्हा 'एल्फिन्स्टन टॉवर' हे शब्द वाचून घरमालक एल्फिन्स्टन असणार असं कुणी लिहिलं तर ते साफ चुकीचं.

नव्या जागी घराण्याने काय केलं? जमिनीलाच आपलं नाव दिलं. एअर्थजवळची त्यांची जहागीर 'एल्फिन्स्टन' झाली, १५१० च्या सुमारास तिथे बुरूज उठला तो 'एल्फिन्स्टन टॉवर', आणि नदीकाठच्या वस्तीला 'एल्फिन्स्टन पॅन्स' म्हणू लागले. पॅन्स म्हणजे मीठ आटवायच्या कढया. आपण मिठागर म्हणू. गावाने माणसाला दिलेलं नाव माणसाने दुसऱ्या गावाला दिलं.

तेही टिकलं नाही. १७५४ मध्ये ही जहागीर डनमोरच्या अर्लने विकत घेतली. बुरूज डनमोर टॉवर झाला, मिठागराची वस्ती डनमोर झाली. तिथे आज लोक जातात ते १७६१ मध्ये बांधलेला अननसाच्या आकाराचा प्रचंड दगडी घुमट पाहायला. एल्फिन्स्टन हे नाव पाटीवरही नसतं. स्टेशनांची नावं बदलली की हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही: या नावाच्या बाबतीत असली पाटी पहिल्यांदा खुद्द स्कॉटलंडमध्येच उतरली.

लॉर्ड, आडनाव आणि मुंबईतले दोघं

१५१० मध्ये राजा चौथ्या जेम्सने अलेक्झांडर एल्फिन्स्टनला लॉर्ड केलं. तो राजाबरोबरच १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडला. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत. ती रणभूमी ट्रानेंटजवळच्या मूळ गावापासून काही किलोमीटरवर आहे. याच आडनावाचा विल्यम एल्फिन्स्टन ॲबरडीनचा बिशप होता. त्याने १४९५ मध्ये तिथे विद्यापीठ काढलं, आणि स्कॉटलंडमध्ये छापखाना आणण्यातही त्याचा हात होता.

किताब आणि आडनाव यांतला फरक इथे सांगायला हवा, कारण भारतीय वाचक हमखास फसतो तो इथेच. लॉर्ड एल्फिन्स्टन हा किताब आडनावाशी जुळतो, पण तसं नेहमी नसतं. १७४६ मध्ये लंडनमध्ये शिरच्छेद झालेला जॅकोबाइट, म्हणजे गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचा, सरदार लॉर्ड बाल्मेरिनो आडनावाने आर्थर एल्फिन्स्टन होता; बाल्मेरिनो हे फाइफमधल्या मठाचं ठिकाण. सातारा आणि नागपूर खालसा करणारा डलहौसी आडनावाने रॅमझी. डलहौसी हा एडिंबराच्या दक्षिणेचा किल्ला. हिमाचलातलं थंड हवेचं डलहौसी त्या किताबाच्या नावाचं. वंशावळ शोधताना 'डलहौसी' आडनाव शोधलं तर हाती काही लागणार नाही, रॅमझी शोधावं लागतं.

मुंबईतले एल्फिन्स्टन दोन, आणि त्यांची सरमिसळ छापील पुस्तकांतही झालेली दिसते. माउंटस्टुअर्ट (१७७९ ते १८५९) हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, स्वतः लॉर्ड नव्हे. खडकीच्या लढाईच्या वेळचा रेसिडेंट, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. कॉलेज त्याच्या नावाचं, ज्यात पुढे न्यायमूर्ती रानडे आणि बाबासाहेब आंबेडकर शिकले. दुसरा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा पुतण्या, १८५३ ते १८६० गव्हर्नर. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, आणि एल्फिन्स्टन रोड याच्या नावाचे. ओळखायची सोपी खूण अशी: कागदावर 'लॉर्ड एल्फिन्स्टन' असेल आणि साल १८५० नंतरचं असेल तर तो पुतण्या. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याच्या फौजेची वाताहत झाली तो जनरल एल्फिन्स्टन तिसराच, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ.

नाव उलट वाहतं तेव्हा

गावावरून माणूस, हा नियम तीन प्रकारे मोडतो.

पहिला प्रकार हॅमिल्टन. ग्लासगोजवळ हॅमिल्टन नावाचं मोठं शहर आहे, तेव्हा हॅमिल्टन तिथले असं वाटणं साहजिक. पण त्या ठिकाणाचं जुनं नाव कॅडझो. हॅमिल्टन घराणं तिथे आलं आणि १४४५ मध्ये गावाला घराण्याचं नाव दिलं गेलं. मूळ गाव बहुधा इंग्लंडमधलं. यातून एक पक्की सवय लावून घ्यावी: आडनावाची आणि गावाच्या नावाची सगळ्यात जुनी नोंद, दोन्हींची सालं शेजारी मांडायची. गावाचं साल नंतरचं निघालं तर बाण उलटा फिरवायचा.

दुसरा प्रकार लिव्हिंगस्टन. गाव वेस्ट लोदियनमध्ये, बाराव्या शतकातल्या लेव्हिंगचं. पण आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचं घराणं त्या गावचं नव्हे. त्याचे आजोबा पश्चिम किनाऱ्यावरच्या उल्वा बेटावरून आलेले, गेलिक बोलणारे. त्या किनाऱ्यावरच्या मॅक्ले नावाच्या लोकांनी व्यवहारासाठी लिव्हिंगस्टन हे आडनाव उचललं, कारण गेलिक नाव इंग्रजी कागदावर नीट बसत नव्हतं. हा माणूस आपल्यालाही परका नाही. १८६५ मध्ये त्याने नाशिकच्या शरणपूरमधल्या मिशन शाळेतून, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं आपल्या मोहिमेसाठी नेली. त्याच शाळेतला जेकब वेनराइट त्याच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. लिव्हिंगस्टन गावात मात्र या लिव्हिंगस्टनचा पूर्वज शोधणं म्हणजे नुसते श्रम वाया घालवणं.

तिसरा प्रकार मराठी वाचकाला चांगला ओळखीचा, फक्त त्याने कधी लक्ष दिलेलं नसतं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा ग्रँट डफ जन्माने नुसता जेम्स ग्रँट. १८२५ च्या सुमारास त्याला ईडन नावाची जहागीर वारशाने मिळाली आणि तिच्याबरोबर 'डफ' हे नाव आलं. १८५० मध्ये बायकोला तिच्या आजोळकडची जमीन मिळाली आणि पुढे 'कनिंगहॅम' जोडलं गेलं, जे मुळात एअरशरच्या उत्तर भागाचं नाव. सरतेशेवटी तो जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ. आपल्याकडे दत्तक गेला की आडनाव बदलतं. तिकडे वारसपत्रातच अट असे की जमीन हवी असेल तर नाव लावा. कागदोपत्री घराणं अखंड दिसतं, बापाकडून मुलाकडे जाणारा धागा मात्र मध्येच तुटलेला असतो. बापाकडूनच येणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी करून एकाच आडनावाचे दोघं जुळले नाहीत, तर त्यामागे अनेकदा असला एखादा जावई निघतो.

लिहितात एक, म्हणतात दुसरंच

गावाच्या नावांचे उच्चार स्पेलिंगवरून काढायला जाऊ नये. मध्ययुगीन स्कॉट्समध्ये 'य'च्या जवळचा आवाज दाखवणारं योख नावाचं एक अक्षर होतं. छपाई आली तेव्हा छापखान्यांकडे तो खिळा नव्हता, म्हणून दिसायला जवळचा झेड वापरला. त्यामुळे डालझिएल असं दिसणारं लॅनार्कशरचं नाव 'डीएल' म्हणतात आणि मेन्झिस दिसणारं 'मिंगिस'. वेमिस दिसणारं 'वीम्स', कॉकबर्न दिसणारं 'कोबर्न', कोल्कुहून दिसणारं 'कहून'. देवनागरीत लिहिणाऱ्याने स्पेलिंगमागे न जाता उच्चार लिहावा. पण शोध घेताना स्पेलिंगच लागतं, म्हणून वहीत दोन्ही टिपून ठेवावीत.

शोध घ्यायचा तर

आजपासून मागे जायचं, बाराव्या शतकापासून पुढे यायचं नाही. जवळजवळ सगळ्या चुका उलट दिशेने चालल्यामुळे होतात. एखादा प्रसिद्ध सरदार धरतात आणि त्याच्यापासून स्वतःपर्यंत जिना बांधतात. मधल्या पायऱ्या कल्पनेच्या.

१ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद आहे आणि ती सरकारी संकेतस्थळ 'स्कॉटलंड्स पीपल'वर शोधता येते. शोध फुकट, मूळ पान पाहायचं तर सहसा पैसे. जन्माचं पान १०० वर्षांनी, लग्नाचं ७५ आणि मृत्यूचं ५० वर्षांनी घरबसल्या पाहायला खुलं होतं. स्कॉटिश मृत्युनोंदीत आईबापांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. इंग्लंडच्या त्या काळच्या नोंदीत हे मिळत नाही, म्हणून सुरुवात मृत्युनोंदीपासून केली तर एका पानात दोन पिढ्या हाती येतात. पहिल्या वर्षीच्या, १८५५ च्या नोंदी तर सोन्यासारख्या. आईबापांची वयं, जन्मगावं, लग्नाचं साल, सगळं विचारलं होतं. कारकून मेटाकुटीला आले आणि १८५६ मध्ये त्यातलं बरंच काही गाळलं.

जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी, खुली व्हायला १०० वर्षं. १८४१ ची जपून वाचावी. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग, १८५१ पासूनच्या गणनेत मिळतं.

१८५५ आधी पॅरिशची चर्चची दप्तरं. सगळ्यात जुनं १५५३ चं, एरल गावचं. पण अनेक पॅरिशांची दीडदोनशे वर्षांनी सुरू होतात आणि मध्ये भगदाडं असतात. इथे स्पेलिंगचं काटेकोरपण सोडून द्यावं. एल्फिन्स्टन शोधताना पहिली दोन इंग्रजी अक्षरं, ई-एल, तेवढी भरावीत, मग तारांकन, मग टी-ओ-एन, मग पुन्हा तारांकन. त्यात पी-एच मधला असो की एफचा, शेवटी ई असो वा नसो, सगळे येतात. नको असलेलेही येतात, ते पॅरिश पाहून गाळायचे.

दोन सवयी मराठी माणसाला इथे नडतात. एक, मधलं नाव बापाचं असणार असं आपण धरून चालतो. स्कॉटलंडमध्ये मधलं नाव बहुतेकदा आईकडचं किंवा आजीकडचं आडनाव असतं. नेपोलियनच्या शरणागतीशी संबंध आलेला ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन घ्या. त्यातलं कीथ आजीच्या घराण्याचं. म्हणजे मधलं नाव ही दुसऱ्या घराण्याकडे नेणारी वाट आहे. दोन, लग्नानंतर बाईचं माहेरचं नाव पुसलं गेलं असं आपण समजतो. स्कॉटिश दप्तरांत ती माहेरच्या नावानेच नोंदलेली असते, अनेकदा दोन्ही आडनावांनी.

जमिनीसाठी १६१७ पासून सुरू झालेलं सेझिन्सचं रजिस्टर आहे, आपल्या फेरफार नोंदींसारखं. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते त्यात पिढ्यान्‌पिढ्या मिळतं. पण हे मालकांचं दप्तर. पूर्वज कूळ असेल तर तिथे नाव नसणार, आणि नाव नाही म्हणून पूर्वजच नव्हता असा अर्थ काढायचा नाही.

'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' विकणाऱ्या दुकानांविषयी एवढंच: स्कॉटलंडमध्ये ढालीवरचं चिन्ह आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं, आणि त्याची नोंद लॉर्ड लायन या चिन्हांच्या सरकारी अधिकाऱ्याच्या दरबारातल्या १६७२ पासूनच्या वहीत होते. बिननोंदीचं चिन्ह आपलं म्हणून वापरणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवर लटकवायला घ्यायचं तर घ्या, वंशावळीचा पुरावा म्हणून नको.

शेवटी नकाशा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे फुकट ठेवले आहेत. सर्वेक्षण खात्याच्या एका मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीत एकेक शेतघर नावानिशी दिसतं, आणि त्याच खात्याच्या नाववह्यांत ते नाव स्थानिक लोक कसं लिहीत हेही नोंदलेलं आहे. न्यूटन, मिल्टन, कर्कटन अशी नावं डझनांनी सापडतील. तिथे पॅरिश ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एल्फिन्स्टन शोधलं तर तीन जागा हाती लागतात. ट्रानेंटजवळचं गाव, ते मूळ. एअर्थजवळची जहागीर, ती घराण्याने नाव दिलेली, पंधराव्या शतकानंतरची. तिसरं ॲबरडीनशरमधलं इन्व्हरुरीशेजारचं पोर्ट एल्फिन्स्टन. ते कालव्याच्या टोकाला वसलं, कालवा खुला झाला १८०५ मध्ये आणि नाव तिथल्या एका एल्फिन्स्टन जमीनदाराचं. आडनावाचा उगम शोधणाऱ्याने हे तिसरं लगेच बाद करावं.